बघितलेली गंडम परत कागदावर का वाचायची?

रेघोटी

दिवाळीच्या सुट्टीत 'मोबाइल सूट गंडम: द ओरिजिन'चे, म्हणजे 'गंडम' या जपानी ॲनिमेशन मालिकेवरून काढलेल्या कॉमिकचे, बाराही खंड वाचून काढले. तेव्हापासून कुणाशी तरी यावर बोलायचंय, म्हणून हा धागा. नाशकातलं कुणी वाचलं असेल तर फारच बरं, पण कुठूनही लिहा.

मूळ मालिका मी कॉलेजात असताना पाहिली. कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेतून मैत्रिणीने एकेक भाग उतरवून सीडींवर भरून आणला होता. चित्र धूसर, खालची अक्षरं अर्धी कापलेली, तरी ४३ भाग आम्ही दोघींनी संपवले. त्यामुळे कथा मला ठाऊक होती. अमुरो हा पंधरा वर्षांचा मुलगा हल्ला चालू असताना माहितीपुस्तिका चाळत गंडम हे माणसासारखं अवाढव्य लढाऊ यंत्र सुरू करतो, निर्वासितांनी भरलेलं व्हाइट बेस जहाज पोरंच चालवतात, समोर शत्रूकडचा, मुखवटा घातलेला शार. मग तेच परत कागदावर कशासाठी वाचायचं? दोन-तीन वर्षं मी याच विचाराने ते खंड घेतले नव्हते.

आता वाटतं, कॉमिक कोण काढतंय आणि त्याचं त्या मालिकेत काय राहून गेलंय, यावर सगळं आहे.

मालिका १९७९ ची. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची आणि माणसं, म्हणजे चेहरे, अंगलट, कपडे हे सगळं योशिकाझु यासुहिको यांचं. पहिल्या प्रक्षेपणात मालिका चालली नाही. ५२ भाग ठरले होते, खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाचा माल खपेना म्हणून ४३ वर आवरलं. त्यात यासुहिको मालिका चालू असतानाच आजारी पडून रुग्णालयात गेले. स्वतः घडवलेल्या माणसांचा शेवटचा प्रवास त्यांच्या हातून काढला गेला नाही. मालिका परत पाहा, शेवटाकडच्या भागांत चेहरे बदलतात. डोळे कधी जवळ येतात, कधी लांब जातात, जबडा हलतो. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं होतं की आमच्या सीडीचाच दोष.

पुढे १९८० मध्ये बांदाईने प्लास्टिकची जोडायची मॉडेल्स आणली, ती तुफान खपली, १९८१ आणि १९८२ मध्ये मालिकेचे तीन चित्रपट झाले. तिसऱ्या चित्रपटात बऱ्या झालेल्या यासुहिकोंनी बरंच काम नव्याने केलं. पण चित्रपट शेवटी मालिकेच्याच चित्रांवर उभे होते. मग २००१ मध्ये ते 'गंडम एस' मासिकात बसले आणि पहिल्या दिवसापासून सगळी गोष्ट स्वतःच्या हाताने काढायला लागले. २०११ पर्यंत. दहा वर्षं! जपानीत २३ खंड, इंग्रजीत १२ जाडजूड.

मी नकाशे आणि यंत्रांची ड्रॉइंग करून पोट भरते, त्यामुळे माझी नजर रेघेवर जाते. यासुहिको कुंचल्याने काढतात. त्यामुळे रेघ एका जाडीची राहत नाही, खांद्याच्या वळणावर फुगते आणि बोटांच्या टोकाला केसाइतकी होते. रांबा राल हा शत्रूचा अधिकारी नुसता उभा असला तरी त्याच्या पोटाचं वजन पायांवर आलेलं दिसतं.

माझे बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. आयुष्य मिगच्या हँगरमध्ये गेलं. कॉमिक त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. मी सातवा खंड सोफ्यावर ठेवून चहा टाकायला गेले, परत आले तर चष्मा लावून दुरुस्तीच्या हँगरचं पान बघत बसलेले. म्हणाले, "याने माणसं बरोबर उभी केलीत." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, "यंत्राजवळ नवखा माणूस कुठेही उभा राहतो. कामातला माणूस जिथे काही पडणार नाही आणि जिथून दिसेल तिथेच उभा राहतो. बघ हे तिघं." मग त्यांनी विचारलं की हे केवढं आहे. मी सांगितलं, गंडम १८ मीटर. त्यांनी मनातल्या मनात मोजलं. मिग-२१ नाकापासून शेपटीपर्यंत साधारण १५ मीटर. म्हणाले, "आमचं विमान उभं केलं असतं तर याच्या खांद्याला आलं असतं."

मालिकेत हे पान दोन सेकंदांत गेलं असतं. बाबा त्यावर वीस मिनिटं होते.

तुमचा अनुभव सांगा. कुठल्या विज्ञानकथा-मालिकेचं कॉमिक तुम्हाला मालिकेइतकं, किंवा जास्त, आवडलं?

अंबड_लिंक_रोड

ताई, छान लिहिलंय, पण मला पटलं नाही. मी 'ओरिजिन'चे पहिले चार खंड वाचलेत.

मालिकेत व्हाइट बेसचा कप्तान ब्राइट अमुरोच्या कानाखाली वाजवतो तो प्रसंग घ्या. अमुरो म्हणतो की मला माझ्या बापानेही कधी मारलं नाही. तिथे अमुरोला आवाज देणाऱ्या तोरु फुरुया यांचा आवाज फाटतो. तो आवाज ऐकल्यावर कळतं की हा सैनिक नाही, हे पोरगं आहे, आणि आपण इतका वेळ त्याच्याकडून लढाईची अपेक्षा करत होतो. कागदावर ते वाक्य फुग्यात आहे, अक्षरं मोठी आहेत, बस. माझ्या अंगावर काटा आला नाही.

दुसरं, खराब चित्रांबद्दल. त्या काळच्या टीव्ही ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी एकेक चित्र तीन चौकटींना धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. कमी पैसे, कमी दिवस. तरीही त्या लोकांनी जे उभं केलं त्याला एक धाप लागलेली आहे. युद्धात सापडलेल्या पोरांच्या गोष्टीला ती शोभते. 'ओरिजिन' फार देखणं आहे. मला त्यात भीती कमी वाटली. चेहरा हलला, जबडा सरकला, असं तुम्ही म्हणता. मला ते चेहरे थकलेले वाटले होते.

सातपूरची_माधवी

दोघांचंही पटतंय. वाचते आहे.

गंगापूररोड_७

इव्हँजेलियन या दुसऱ्या जपानी मालिकेचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? तिथे तर घड्याळ उलटं फिरलंय.

मालिका टीव्हीवर आली ऑक्टोबर १९९५ मध्ये. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, त्याच्या काही महिने आधीच 'शोनेन एस' मासिकात सुरू झाला होता, मालिका येतेय हे लोकांना कळावं म्हणून. काढणारे योशियुकी सादामोतो, म्हणजे मालिकेतले चेहरे ज्यांचे तेच. रेघोटी यांनी सांगितलेल्या जोडीसारखीच गोष्ट. मालिका २६ भागांत मार्च १९९६ मध्ये संपली. मांगा संपला २०१३ मध्ये! १४ खंडांना अठरा वर्षं. मधल्या काळात आधी शेवट बदलणारा चित्रपट आला, मग नव्या चित्रपटांची मालिका सुरू झाली, आणि हा माणूस अजून त्याच मुलांसोबत होता.

त्या अठरा वर्षांचा परिणाम पानांवर आहे. मालिकेतला नायक, चौदा वर्षांचा शिंजी, आत आत जातो, बोलतच नाही. सादामोतोंचा शिंजी उलटून बोलतो, चिडतो, बापाबद्दल कडवट आहे. आठवीतलं पोर घरात दार आपटतं तसा. कावोरू मालिकेत शेवटाकडे एका भागापुरता येतो आणि जातो, मांगात तो आधीच येतो आणि राहतो. म्हणून त्याचं जे होतं ते वेगळ्या तऱ्हेने लागतं. पुढचं सांगत नाही, वाचायचं असेल कुणाला.

मी मालिका बारावीच्या वर्षी पाहिली आणि मांगाचा शेवटचा खंड नोकरीला लागल्यावर वाचला. शिंजी चौदाचाच राहिला, मी मोठा झालो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या बापाचा राग आला होता, दुसऱ्यांदा त्या बाईचा विचार आला जी त्याला घरात आणते, जेवू घालते आणि कामावरही पाठवते. मिसातो. एकोणतीस वर्षांची आहे ती. आता मी तिच्याहून मोठा आहे.

रेघोटी

@गंगापूररोड_७, मिसातोबद्दल लिहिलंत ते वाचून थांबले. खरंय.

@अंबड_लिंक_रोड, आवाजाचं मान्य. त्या थपडेवर वाद घालणार नाही. पण तुम्ही चौथ्या खंडावर थांबलात, आणि 'ओरिजिन' जिथे मालिकेहून वेगळं होतं ते त्याच्या पुढे आहे.

एक म्हणजे, पाचव्या खंडापासून गोष्ट मागे जाते. शार आणि त्याची बहीण सेला लहान आहेत, त्यांची नावं कास्वाल आणि आर्तेसिया आहेत, आणि त्यांच्या वडिलांचा मृत्यू झालाय. मालिकेत हे सगळं संवादांतून, तुकड्या-तुकड्यांत कळतं. इथे ती दोन मुलं आई मागे ठेवून घर सोडतात. शार पुढे जे करतो ते मला आधी 'सूड' या एका शब्दात समजलं होतं. आता मला तो घर सोडून जाणारा मुलगाच दिसतो. युद्ध कसं पेटलं, लूमची लढाई कशी झाली, तेही मालिकेत न दाखवलेलं इथे सातव्या खंडापर्यंत येतं. (बाबा नेमके त्याच खंडात अडकलेत.)

दुसरं, क्रम. मालिकेत आधी ओडेसाची लढाई आणि मग जाबुरो, म्हणजे अमुरोच्या बाजूचा मुख्य तळ. यासुहिकोंनी ते उलटं केलं. तळावरून शस्त्रं घेऊन मगच सैन्य मोठ्या चढाईला निघणार, हे मला जास्त पटतं. आणि प्रायोजकाच्या खेळण्यांसाठी घुसवलेली जोडयंत्रं, तो जी-आर्मर, सरळ काढून टाकला. कुणाला विकायचं नव्हतं, मग कशाला ठेवायचं.

तुम्ही 'धाप' म्हणालात तो शब्द मात्र मनात राहिलाय. तो थकवा कॉमिकमध्ये नाही. दहा वर्षं स्वतःच्या गतीने काढणाऱ्या माणसाच्या कामात तो येणारही नाही कदाचित.

काठावरचा

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठा आहे, पंचवटीत राहतो. मांगा वगैरे वाचलेलं नाही, नातवाच्या मोबाइलवर हा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं.

आमच्या वेळी मराठी इंद्रजाल कॉमिक्स यायची. वेताळ सगळ्यांचा लाडका, पण मला फ्लॅश गॉर्डन आवडायचा, कारण त्यात रॉकेटं होती. शालिमारजवळच्या रद्दीवाल्याकडे अर्ध्या किमतीत मिळायची, आणि वाचून परत दिली की त्यातले थोडे पैसे परत. फ्लॅश गॉर्डन मूळचा वर्तमानपत्रातली चित्रपट्टी, १९३४ ची, आणि त्याची ॲनिमेशन मालिका झाली १९७९ मध्ये. म्हणजे तुमचं गंडम टीव्हीवर आलं त्याच वर्षी. तिकडे कागदावरून पडद्यावर, तुमच्याकडे पडद्यावरून कागदावर.

आणखी एक. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. बोलपट नव्हे, मूकपटही करण्याआधी, १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती, महिनाभर थोडी थोडी. पडद्यावर ती मिनिटभरात उगवली. ते स्वतः चित्रकार, छायाचित्रकार आणि छपाईतले जाणकार होते. मला नेहमी वाटतं की त्या महिनाभरात त्यांनी तो वेल जितका पाहिला तितका पडदा पाहणाऱ्या कुणी पाहिला नसेल. रेघोटी, तुमच्या वडिलांनी पानावर वीस मिनिटं घालवली ते वाचून हेच आठवलं.

रेघोटी

काका, हे किती सुंदर सांगितलंत! नातवाला सांगा, तुमच्यासाठी पहिला खंड मी घरी आणून देते.

देवळाली_साउथ

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचाय. तुम्ही सगळे मालिकेचीच गोष्ट परत काढण्याबद्दल बोलताय. माझ्या मते तसं रूपांतर क्वचितच जमतं, आणि यासुहिको किंवा सादामोतो हे अपवाद आहेत, कारण ते मुळातले लोक.

नुसतं भागावरून अंक काढला की काय होतं ते रोबोटेकमध्ये पाहा. तीन वेगवेगळ्या जपानी मालिका जोडून अमेरिकेत ८५ भागांची एक मालिका केली, १९८५ मध्ये. कोमिको या प्रकाशनाने तिची कॉमिक्स काढली. त्या तिघींतल्या मॅक्रॉसचे ३६ भाग, ३६ अंक. निष्ठा पूर्ण, पण बावीस मिनिटांचा भाग तेवढ्याच पानांत कोंबायचा म्हणजे माणसं सतत बोलत राहतात आणि विमानं फुग्यांच्या मागे लपतात. नायक रिक गायिका मिन्मेकडे बघतोय अशी एक मोकळी चौकट मिळत नाही. आमच्या शेजारी एक लष्करी कुटुंब होतं, त्यांची बदली झाली तेव्हा रद्दीतले पाच-सहा अंक मला देऊन गेले, म्हणून वाचले. वाचताना मी मालिकाच आठवत होतो.

याउलट फ्युचुरामा ही अमेरिकन कार्टून मालिका. मालिका मार्च १९९९ मध्ये सुरू झाली, कॉमिक २००० मध्ये, मॅट ग्रोनिंग यांच्याच बोंगो प्रकाशनाकडून. त्यात मालिकेचे भाग पुन्हा सांगितलेले नाहीत, गोष्टी नव्या आहेत. २००३ मध्ये वाहिनीने मालिका थांबवली. मग २००७ मध्ये डीव्हीडीवर चित्रपट येईपर्यंत फ्राय, लीला आणि बेंडरला नवीन काही करायला मिळालं ते फक्त कॉमिकमध्ये. चार वर्षं! आपल्या आवडीची माणसं संपली नाहीत, दर थोड्या महिन्यांनी ती कुठेतरी पार्सल पोचवायला निघतात, एवढं कळणंही पुरतं. ग्रोनिंग यांच्याच सिम्पसन्स मालिकेतल्या माणसांशी त्यांची गाठही कागदावर आधी पडली, टीव्हीवर बऱ्याच वर्षांनी. २०१८ मध्ये बोंगो बंद झालं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

आणि थांबून बघण्याबद्दल ताई जे म्हणतात, त्यावर: फ्युचुरामाच्या मालिकेत मागच्या भिंतींवर परग्रहावरच्या लिपीत पाट्या असतात. लोक टेप थांबवून थांबवून अक्षरं उतरवायचे आणि उलगडायचे. ते उलगडल्यावर निर्मात्यांनी आणखी अवघड दुसरी लिपी आणली. म्हणजे काही प्रेक्षक आधीपासूनच मालिका कॉमिकसारखी वाचत होते.

सातपूरची_माधवी

रिक अँड मॉर्टी या अमेरिकन मालिकेचंही असंच आहे ना? ओनी प्रेसचं कॉमिक २०१५ पासून. त्यातले रिक आणि मॉर्टी मालिकेतले नाहीतच, दुसऱ्या मितीतले आहेत. मालिकेतला रिक सी-१३७, कॉमिकमधला सी-१३२. मला हे फार आवडलं. मालिकेत जे घडेल त्याने कॉमिक खोटं पडत नाही आणि कॉमिकमध्ये मॉर्टीच्या बापाला, जेरीला, थोडी वेगळी वाट मिळू शकते.

अंबड_लिंक_रोड

माधवीताई, ही युक्ती चतुर आहे, पण त्यामुळे त्या पात्रांचं काही झालं तरी मला लागत नाही. हा 'दुसरा' जेरी, असं मनात येतंच.

रेघोटी, तुमच्या सांगण्यावरून काल पाचवा खंड उघडला. मुलं आईला सोडून जातात तिथपर्यंत आलोय. आईला ती परत भेटणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि मुलांना माहीत नाही. त्या पानावर संवाद जवळजवळ नाहीत. इथे मला आवाजाची आठवण आली नाही, एवढं कबूल करतो. थपडेबद्दलचं माझं मत तसंच आहे.

गंगापूररोड_७

एक विचारायचं होतं. माझी भाची सहावीत आहे, चित्रं छान काढते. तिला 'ओरिजिन' दिलं तर चालेल का? आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं तिला जमेल का?

रेघोटी

हो, इंग्रजी आवृत्तीही उजवीकडून डावीकडेच आहे. दहा पानांत सवय होते, मुलांना तर पाचच. बाबांना मात्र मी पहिल्या दिवशी सांगायला विसरले आणि त्यांनी अर्धा खंड मागून पुढे वाचला. तरी हँगर कळला त्यांना!

सहावीसाठी माझा सल्ला, आत्ता नको. युद्ध आहे आणि माणसं मरतात, तीही नाव-गाव असलेली माणसं. शिवाय पाचव्या-सहाव्या खंडातलं सत्तेचं राजकारण तिला कंटाळवाणं होईल. आठवी-नववीत द्या. तोवर तिला चित्रं काढायची आहेत म्हणून एखादं पान समोर ठेवून काढू द्या. कुंचला पेन मिळतं ते आणा, बॉलपेनने ती रेघ कळत नाही. मी स्वतः रांबा रालचा हात आठ वेळा काढला तेव्हा कळलं की मनगट कुठे वळतं.

@देवळाली_साउथ, नव्या गोष्टींबद्दल तुमचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. मालिकेतला एक पंधरावा भाग आहे, 'कुकुरुस डोआनचं बेट'. चित्रं इतकी बिघडलेली की तोमिनोंनी तो भाग अमेरिकेतल्या आवृत्तीतून वगळायला सांगितला. लोक त्यातल्या बिघडलेल्या चौकटी एकमेकांना दाखवत राहिले. आणि २०२२ मध्ये यासुहिकोंनी, सत्तरी ओलांडल्यावर, तोच भाग घेऊन अख्खा चित्रपट दिग्दर्शित केला. सैन्य सोडून आलेला सैनिक, अनाथ मुलं, शेळी. नवीन गोष्ट त्यांना सहज करता आली असती. त्यांनी सगळ्यात दुर्लक्षित भाग उचलला. एखाद्याचं काम अर्धवट राहिलेलं असतं तेव्हा त्याला नवं काही नको असतं, तेच नीट करायचं असतं. आमच्या ऑफिसात घाईत सोडलेलं एक ड्रॉइंग आहे, अकरा वर्षांपूर्वीचं, त्यावर माझी सही आहे. यंत्र बनलं, चालतंय, कुणाची तक्रार नाही. मला ते आजही परत काढावंसं वाटतं.

देवळाली_साउथ

हे वाचल्यावर माझा मुद्दा थोडा मागे घेतो. डोआनबद्दल माहीत नव्हतं. आजच बघतो.

काठावरचा

रेघोटी, पहिला खंड मिळाला, आभार. नातू आणि मी एकत्र वाचतोय, तो पानं उलटतो. तो घाईने उलटतो, मी थांबवतो. शत्रूचं यंत्र, तो झाकू, वसाहतीत शिरतो तिथे आम्ही थांबलो होतो, कारण मला त्या खिडक्या मोजायच्या होत्या.

रेघोटी

काका, खिडक्या मोजा! :)

@अंबड_लिंक_रोड, एक विनंती. आठवा खंड तुमच्याकडे आहे असं तुम्ही मला निरोपात लिहिलं होतं, माझा मैत्रिणीने पुण्याला नेलाय. बाबांनी सातवा काल रात्री संपवला, या वेळी उजवीकडून. सकाळपासून दोनदा विचारून झालंय की ओडेसाला काय होतं. मी सांगत नाहीये. रविवारी गंगापूर रोडला येणं झालं तर घेऊन याल का? बाबाही येतील, तुमच्याशी त्या थपडेबद्दल त्यांना बोलायचंय. ते म्हणतात ब्राइटचंही वय बघा, एकोणीस.